‘लग्न म्हणजे लग्नच’ हे कारण झालं का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात समलिंगी विवाहावर वादविवाद झाला. मी बाजूने बोललो. समोरचा म्हणाला, ‘लग्न स्त्री-पुरुषाचंच असतं, म्हणून दोन पुरुषांचं लग्न होऊच शकत नाही.’ हे फिरून तिथंच आलं, एवढं कळलं. पण नेमकं काय चुकलं ते मला मांडता आलं नाही. वर परीक्षक म्हणाले, ‘तुमचंही तेच चाललंय.’ ते कसं?
– एक विद्यार्थी, रिसोड (जि. वाशिम)

उत्तर : परीक्षक जाणकार दिसतात. जे सिद्ध करायचं तेच कारण म्हणून पुढे केलं, की युक्तिवाद जागचा हलत नाही. न्यायसूत्रांत हेत्वाभासांची, म्हणजे फसव्या कारणांची, यादी आहे, तिच्यात याला ‘साध्यसम’ म्हटलंय. वाद कशावर होता? लग्नाच्या व्याख्येत समलिंगी जोडपी घ्यावीत का, यावर. त्याला ‘आजच्या व्याख्येत ती नाहीत’ हे उत्तर होत नाही. त्या गैरहजेरीबद्दलच तर तक्रार आहे.

आता तुमची बाजू. ‘लग्न म्हणजे दोन व्यक्तींचं प्रेम, हेही प्रेमच, म्हणून हेही लग्न.’ असंच काहीसं बोलला असाल. यात व्याख्याच अशी निवडली की निष्कर्ष आधीच तिच्या पोटात. ‘लग्न हा सगळ्यांचा हक्क आहे, मग यांना का नाही?’ हेही त्याच माळेतलं. जे नातं मागताय ते लग्नच आहे, हे त्यात गृहीत धरलंय, आणि समोरच्याला नेमकं तेच मान्य नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. ‘कायद्यात असं लग्न नाही’ हे वाक्य प्रत्येक वेळी वर्तुळाकार नसतं. आजचा कायदा काय म्हणतो, असा प्रश्न असेल तर ते सरळ उत्तर आहे. समलिंगी विवाहाला मान्यता मागणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात २०२३ साली चालल्या, तेव्हा ‘कायदा काय आहे’ आणि ‘काय असावा’ हे दोन्ही प्रश्न एकमेकांत मिसळले होते. विशेष विवाह कायदा, १९५४ याचं चौथं कलम ‘कोणत्याही दोन व्यक्तीं’पासून सुरू होतं. याचिकाकर्त्यांनी त्यावर बोट ठेवलं. पण त्याच कलमात पुढे पुरुषाचं वय २१ आणि स्त्रीचं १८ पूर्ण हवं, अशी अट आहे. विरोधकांनी तिच्यावर बोट ठेवलं. शिवाय या कायद्याचे धागे वारसा हक्काच्या कायद्यांत गुंतलेले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न करण्याचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही आणि हा बदल करणं संसदेचं काम आहे. लग्नाऐवजी निराळ्या नावाने तरी नात्याला मान्यता द्यावी का, यावर मात्र तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले. ‘शब्द बदलणं संसदेच्या हातात आहे’ हा युक्तिवाद पटो न पटो, त्यात वर्तुळ नाही. पण तोच निकाल घेऊन कोणी चावडीवर म्हणाला, ‘न्यायालयाने नाही म्हटलं, म्हणून संसदेनेही बदलू नये’, तर त्याने चेंडू संसदेकडून पुन्हा न्यायालयाकडे टोलवला.

‘लग्न मुलाबाळांसाठी असतं’ हे कारण निराळ्या जातीचं. ते तपासता येतं. साठीतलं जोडपं नोंदणी करायला गेलं तर मुलं होतील का, असं कोणी विचारत नाही. हे दाखवलं की समोरचा म्हणतो, ‘त्यांना नाही झाली तरी त्यांची जोडी मुलं होण्याजोगी.’ होण्याजोगी म्हणजे कशी? तर स्त्री-पुरुषाची! चांगलं भलं कारण दोन प्रश्नांत पुन्हा व्याख्येवर येऊन बसलं. वादात पकडायची जागा ही. ‘समाज मानत नाही म्हणून कायदा नको’ आणि ‘कायदा नाही म्हणून समाज मानत नाही’ ही जोडगोळीही अशीच एकमेकींच्या आधाराने उभी असते.

‘आपल्याकडे हे असंच चालत आलंय’ असं कोणी म्हणालं तर तुम्हाला लांब जायला नको. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न इथेच लागतं, तेही गांधर्व पद्धतीने. ना भटजी, ना वडीलधारे. फक्त दोघांची संमती. मनुस्मृतीतल्या आठ विवाहप्रकारांत गांधर्व विवाह आहे. आज नुसत्या तेवढ्यावर हिंदू विवाह कायदा लग्न मानत नाही. उलट, भिन्न जातींतले हिंदू विवाह वैध ठरवणारा कायदा १९४९ साली झाला. त्याआधी उच्चवर्णीय स्त्री आणि शूद्र पुरुष यांच्या लग्नाला ‘हे लग्नच नव्हे’ असं उत्तर मिळत असे. अर्थात साहित्यविद्या वधूच होती. यातून समलिंगी विवाह सिद्ध होत नाही. ‘असंच चालत आलंय’ एवढंच बाद होतं.

(लैंगिक विषयांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं छापली म्हणून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ साली खटला झाला. त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. तरी दंड झालाच. तुमचा प्रश्न आज बिनघोर छापता येतो, हे बरं आहे.)

पुढच्या वेळी प्रेमाची व्याख्या बाजूला ठेवा आणि कामाचं बोला. जोडीदार अतिदक्षता विभागात असताना सही कोणाची चालते? मृत्युपत्र नसेल तर घर कोणाला जातं? मूल दोघांनी मिळून दत्तक घ्यायचं म्हटलं तर? लग्नाला विरोध करणाऱ्यालाही हे प्रश्न खोटे म्हणता येत नाहीत. शिधापत्रिका आणि संयुक्त बँक खातं यांबाबत केंद्राने २०२४ साली अशा जोडप्यांच्या बाजूने खुलासा केला, तो याच वाटेने. विरोधकांकडूनही अशीच कारणं मागा. वारसा कायद्यांची गुंतागुंत हे त्यांतलं एक भक्कम कारण आहे, त्याची तयारी करून जा.

वाद अजून संसदेच्याच दारात आहे. विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. ते मंजूर झालं नाही, आणि २०२४ साली सतरावी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बाद झालं.