पाठ ७ : पीएफ काढला की वळवला? मुलांच्या फीसाठी काढलेली बचत आणि आयकर रिटर्न

जून उजाडला की घरात दोन खर्च हमखास उभे राहतात : मुलांची फी आणि नव्या वह्या-पुस्तकांचा. हातातला पगार पुरत नाही, मग नजर साठवणीकडे जाते. कोणी नोकरी बदलताना जुना पीएफ काढतो, कोणी पीपीएफमधून उचल करतो, कोणी मुलीचे सुकन्या खाते उघडून पाहतो. पैसा मिळतो, फी भरली जाते आणि विषय संपला असे वाटते. पुढच्या वर्षी रिटर्न भरताना मात्र संगणक विचारतो, "ही रक्कम कुठे दाखवणार?"

चेन्नईत नोकरी करणारे मराठी तरुण आणि साहुकारपेठेत गलाईचा धंदा करणारी सांगली-खानापूर भागातली कुटुंबे आमच्या नुंगंबाक्कम शाखेत हाच प्रश्न घेऊन येतात. या परिसरात महात्मा गांधी रस्त्यावर आयकर भवन आहे, त्यामुळे रिटर्नसाठी तिथेच जावे लागते असे अनेकांना वाटते. तसे नाही. रिटर्न घरबसल्या आयकर खात्याच्या पोर्टलवर भरता येते आणि त्याची छाननी बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात होते. समोर अधिकारी नसतो, म्हणून तुम्ही भरलेला आकडाच तुमच्या वतीने बोलतो. तो योग्य रकान्यात असला पाहिजे.

या पाठाचे सार एका वाक्यात सांगता येईल : बचत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळवणे आणि बचत हातात घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कर लागेल की नाही, हे बहुतेक वेळा या फरकावर ठरते.

पीएफची पाच वर्षे कशी मोजतात?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीतील रक्कम सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर काढली, तर ती करमुक्त असते. त्याआधी काढली, तर करपात्र ठरते. आजारपणामुळे नोकरी सुटली, मालकाने धंदाच बंद केला, किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरचे अन्य कारण असले, तर पाच वर्षांची अट लागत नाही.

इथे बहुतेकांना न ठाऊक असलेली सवलत आहे. पाच वर्षे एकाच कंपनीत काढावी लागत नाहीत. जुन्या कंपनीतला पीएफ नव्या कंपनीच्या पीएफ खात्यात वळवला, तर जुनी नोकरीही या पाच वर्षांत धरली जाते. वळवताना पैसा हातात येत नाही, म्हणून त्यावर कर नाही आणि टीडीएसही नाही.

उदाहरण पाहू. समजा, एका ताईंचा पीएफसाठीचा पगार महिना १५,००० रुपये आहे. पहिल्या कंपनीत त्यांनी १ जून २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२, म्हणजे २ वर्षे ३ महिने काम केले. दुसऱ्या कंपनीत १ सप्टेंबर २०२२ ते ३१ जुलै २०२५, म्हणजे २ वर्षे ११ महिने.

२०२२ साली त्यांनी पीएफ वळवला असेल, तर दोन्ही नोकऱ्या मिळून ५ वर्षे २ महिने होतात. २०२५ मध्ये काढलेली सगळी रक्कम करमुक्त.

२०२२ साली त्यांनी मुलाच्या फीसाठी पीएफ काढला असेल, तर ती रक्कम करपात्र. एवढ्यावर भागत नाही. साखळी तुटल्यामुळे दुसऱ्या कंपनीतली २ वर्षे ११ महिने एकटी पडतात आणि २०२५ मध्ये काढलेली रक्कमही करपात्र होते. एका फीसाठी दोनदा कराचा प्रश्न उभा राहिला.

आणखी एक नुकसान आहे. मालकाच्या हिश्शातून दरमहा १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात. खाते वळवले तर त्या योजनेतली सेवाही जोडली जाते आणि एकूण दहा वर्षे भरली की ५८ व्या वर्षी मासिक पेन्शनचा हक्क मिळतो. प्रत्येक नोकरीनंतर पैसे काढणाऱ्याची ही दहा वर्षे सहसा भरतच नाहीत.

पाच वर्षांच्या आत काढलाच, तर किती रकमेवर कर?

त्याच ताईंच्या पहिल्या २७ महिन्यांचा हिशोब मांडू. व्याजाचे आकडे समजण्यासाठी गोल धरले आहेत.

स्वतःचा हिस्सा, महिना १,८०० प्रमाणे : ४८,६०० रुपये
मालकाचा पीएफमधला हिस्सा, महिना ५५० प्रमाणे : १४,८५० रुपये
स्वतःच्या हिश्शावरचे व्याज : ४,५०० रुपये
मालकाच्या हिश्शावरचे व्याज : १,३५० रुपये
एकूण : ६९,३०० रुपये

रक्कम ५०,००० किंवा त्याहून जास्त असली आणि नोकरी पाच वर्षांहून कमी असली, की कलम १९२ए प्रमाणे १० टक्के टीडीएस कापला जातो. इथे ६,९३० रुपये कापून ६२,३७० रुपये हातात येतील. पीएफ खात्याला पॅन जोडलेला नसेल, तर आजच्या नियमाने २० टक्के, म्हणजे १३,८६० रुपये कापले जातील. म्हणून अर्ज करण्याआधी पॅन जोडलेला आहे ना, हे पाहून घ्या. वर्षाच्या उत्पन्नावर कर बसतच नसेल, तर १९६१ च्या कायद्याखाली अर्जासोबत फॉर्म १५जी देता येत असे. साठी ओलांडलेल्यांसाठी फॉर्म १५एच होता.

कापलेला टीडीएस म्हणजे अंतिम कर नव्हे. टीडीएस सगळ्या ६९,३०० रुपयांवर कापला, पण करपात्र रकमेची विभागणी वेगळी आहे :

• मालकाचा हिस्सा व त्यावरचे व्याज, १६,२०० रुपये : पगाराचे उत्पन्न.
• स्वतःच्या हिश्शावरचे व्याज, ४,५०० रुपये : इतर स्रोतांचे उत्पन्न.
• स्वतःचा हिस्सा, ४८,६०० रुपये : हा तुमचाच पैसा, त्यावर नव्याने कर नाही. मात्र त्या वर्षांत कलम ८०सी खाली त्याची वजावट घेतली असेल, तर तेवढा लाभ परत करावा लागतो.

ताईंनी ८०सी ची वजावट घेतलीच नसेल, तर करपात्र रक्कम फक्त २०,७०० रुपये. एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेत बसत असेल, तर कापलेले ६,९३० रुपये परत मिळू शकतात. पण ते आपोआप येत नाहीत. त्यासाठी रिटर्न भरावेच लागते. "टीडीएस कापला, म्हणजे माझे काम झाले" असे समजून अनेक जण आपलेच पैसे सोडून देतात.

उलटही घडते. रक्कम ५०,००० पेक्षा कमी असली तर टीडीएस कापला जात नाही, म्हणून ती करमुक्त आहे असा समज होतो. टीडीएस नसला, तरी पाच वर्षांच्या आतली रक्कम करपात्रच असते आणि ती तुम्हालाच दाखवायची असते.

शिक्षणासाठी काढलेली इतर बचत

सुकन्या समृद्धी : मुलगी १८ वर्षांची झाली किंवा दहावी उत्तीर्ण झाली, की शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकेच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. प्रवेशाचा कागद किंवा फीची पावती लागते आणि रक्कम प्रत्यक्ष फीपेक्षा जास्त मिळत नाही. काढलेली रक्कम करमुक्त.

पीपीएफ : ज्या आर्थिक वर्षात खाते उघडले, ते संपल्यावर पुढे पाच वर्षे झाली की अंशतः रक्कम काढता येते. २०१९-२० मध्ये उघडलेल्या खात्यातून १ एप्रिल २०२५ पासून. २०२५-२६ साठी ३१ मार्च २०२२ आणि ३१ मार्च २०२५ या दोन दिवसांच्या शिलकांपैकी जी कमी, तिच्या निम्मी रक्कम. हीसुद्धा करमुक्त. गलाई, दुकान किंवा स्वतःचा धंदा असलेल्यांना पीएफ नसतो, त्यांच्यासाठी हे खाते फार उपयोगी.

एनपीएस : तीन वर्षांनंतर मुलांच्या उच्च शिक्षणासाठी स्वतःच्या योगदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते आणि ती करमुक्त असते.

मुलाच्या नावाची मुदत ठेव : ठेव मोडली तर मुद्दल हे उत्पन्न नव्हे. पण दरवर्षीचे व्याज आईवडिलांपैकी ज्यांचे उत्पन्न जास्त, त्यांच्या उत्पन्नात मिळवावे लागते. जुन्या करप्रणालीत प्रत्येक मुलामागे १,५०० रुपयांची सूट आहे, नव्या प्रणालीत नाही. ठेव मुलाच्या नावावर आहे म्हणून कर नाही, हा समज चुकीचा आहे.

रिटर्नमध्ये कुठे काय लिहावे?

१. पोर्टलवर पॅन टाकून आत जा. एआयएस आणि २६एएस ही दोन्ही पत्रके उतरवून घ्या. त्यात कलम १९२ए ची नोंद आहे का, ते पाहा.

२. पीएफचे पासबुक छापून घ्या. पोर्टल टीडीएसचा आकडा आपणहून भरतो, पण स्वतःचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि व्याज ही फोड त्याला माहीत नसते. ती तुम्हालाच भरावी लागते.

३. पीएफ फक्त वळवला असेल, तर तो उत्पन्नात कुठेही दाखवू नका. मात्र वळवल्याचा पुरावा म्हणून 'अनेक्शर के' हा कागद जपून ठेवा. त्यात वळवलेली रक्कम व सेवाकाळ असतो. पाच वर्षे सिद्ध करायला तोच कामी येतो.

४. करमुक्त रक्कम मिळाली असेल, तर ती 'करमुक्त उत्पन्न' या भागात दाखवा. पीएफसाठी कलम १०(१२), पीपीएफसाठी १०(११), सुकन्यासाठी १०(११ए). यादीत कलम सापडले नाही, तर 'इतर' निवडून नाव लिहा. यामुळे कर वाढत नाही, पण बँक खात्यात आलेली मोठी रक्कम कुठून आली याचा खुलासा आधीच झालेला असतो.

५. पाच वर्षांच्या आतली रक्कम असेल, तर वरच्या विभागणीप्रमाणे मांडा. कायदा हा कर मागच्या त्या त्या वर्षांशी जोडून मोजतो. त्यासाठी आयटीआर-२ मध्ये 'इतर स्रोत' या भागात कलम १११ चा तक्ता आहे. त्यात वर्ष, उत्पन्नातला लाभ आणि करातला लाभ असे रकाने आहेत. आयटीआर-१ मध्ये हा तक्ता नाही. ८०सी ची वजावट घेतली असेल किंवा रक्कम मोठी असेल, तर जुनी रिटर्न घेऊन करसल्लागाराकडून हा तक्ता भरून घ्या. एकच रक्कम पगारात आणि तक्त्यात अशी दोनदा लिहू नका.

६. टीडीएसचे श्रेय मागितले, तर त्यासमोरचे उत्पन्नही दाखवा. टीडीएस मागितला आणि उत्पन्न कुठेच नाही, असे झाले तर रिटर्न सदोष ठरवल्याची सूचना येऊ शकते. तिला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते.

७. रिटर्न पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगने पडताळणी करा. पडताळणीशिवाय रिटर्न भरले असे धरत नाहीत.

कलमांच्या क्रमांकांबद्दल एक सूचना. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागू आहे. इथले क्रमांक त्या कायद्याचे आहेत.

परदेशातल्या नातेवाइकांचा सल्ला

अमेरिकेतले भाऊ-बहीण कधी सांगतात, "काढ पैसे, साठ दिवसांत परत भरले की कर नाही." तो तिथला नियम आहे. तिथे ४०१(के) या निवृत्ती खात्यातली रक्कम हातात घेतली तर २० टक्के कापून मिळते, आणि पूर्ण रक्कम साठ दिवसांत दुसऱ्या पात्र खात्यात भरली तर ती वळवली असे मानतात. आपल्या पीएफला अशी साठ दिवसांची मुभा नाही. एकदा काढलेली रक्कम परत पीएफमध्ये भरून पाच वर्षांची साखळी जोडता येत नाही. इकडे वळवायचे असेल, तर पैसा हातात न घेता थेट खात्यातून खात्यातच वळवावा लागतो.

पैसे काढण्याआधी पाच प्रश्न

• माझी जोडलेली नोकरी पाच वर्षे झाली का? किती महिने कमी आहेत?
• जुनी सर्व पीएफ खाती एकाच यूएएनखाली वळवली आहेत का?
• पॅन, आधार आणि बँक खाते जोडलेले आहे का?
• हीच फी सुकन्या, पीपीएफ किंवा मुदत ठेवीतून भागेल का?
• काढलेली रक्कम रिटर्नमध्ये कुठल्या रकान्यात जाईल, हे मला माहीत आहे का?

पाच वर्षांना चार-सहा महिनेच उरले असतील, तर शाळेकडे हप्ते मागून पाहा. तेवढ्या काळासाठी मुदत ठेवीवर कर्ज घेतले, तरी ते अनेकदा पीएफ मोडण्यापेक्षा स्वस्त पडते.

पीएफ वळवण्याचा अर्ज सदस्य पोर्टलवर विनाशुल्क होतो. त्यासाठी मध्यस्थाला पैसे देऊ नका आणि आपला ओटीपी कोणालाही सांगू नका, समोरचा स्वतःला बँकेचा माणूस म्हणवत असला तरी. अडचण आल्यास पीएफ कार्यालयाचा १४४७० हा क्रमांक आहे. चेन्नईतले प्रादेशिक कार्यालय रायपेट्टा हाय रोडवर आहे. जाताना पासबुकाची प्रत आणि जुन्या कंपनीचे नोकरी सोडल्याचे पत्र सोबत घ्या.