तपासणी करणारा कोणाला उत्तरदायी?

कायद्यांतील ‘हयगय’ या शब्दाचा अर्थ विचारला असतां बहुतेक विद्यार्थी ‘दुर्लक्ष’ असें सांगतात. तें खरें, पण अपुरें. दुर्लक्ष कोणाविषयीं, हा मुख्य प्रश्न आहे.

१९२८ सालीं स्कॉटलंडांतील पेझ्ली गांवीं एका बाईनें मैत्रिणीनें घेऊन दिलेलें आल्याचें पेय प्राशन केलें. बाटलींतून कुजलेली गोगलगाय निघाली, असा तिचा आरोप होता. पैसे मैत्रिणीनें दिलेले. तेव्हां बाईचा करार ना दुकानदाराशीं, ना कारखानदाराशीं. तरीही १९३२ सालीं ब्रिटनच्या लॉर्डांच्या सभेनें ठरविलें कीं, पिणाऱ्याविषयीं काळजी घेणें हें कारखानदाराचें कर्तव्यच आहे. लूकच्या शुभवर्तमानांत शास्त्र्यानें शेजाऱ्याविषयीं जो प्रश्न केला, तोच लॉर्ड ॲटकिन यांनीं तेथें घेतला. आपल्या कृत्यानें ज्याला इजा होईल हें आधीं दिसावयास हवें, तो शेजारी, असा त्यांच्या विवेचनाचा आशय.

अमेरिकेंत मादक पदार्थांच्या तपासणीलाही हाच प्रश्न लागला. तपासणीचें काम मालक किंवा सरकार सांगतें. लाळ अथवा मूत्र देणारा मनुष्य निराळाच. २००७ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क राज्यांतील ऑरेंज परगण्यांत, देखरेखीच्या अटीवर मोकळ्या असलेल्या एका इसमाच्या लाळेंत गांजाचा अंश आहे, असें प्रयोगशाळेनें कळविलें. त्यानें स्वतंत्रपणें करविलेल्या रक्ततपासणींत मात्र कांहींच निघालें नाहीं. आतां, यंत्र ‘आहे’ किंवा ‘नाहीं’ असें बोलत नसतें. तें अंक देतें. कोणत्या अंकापासून ‘आहे’ म्हणावयाचें, ती रेषा मनुष्यच आंखतो, जशी आम्ही शिक्षक उत्तीर्णतेच्या गुणांची आंखतों. प्रयोगशाळेनें ती फारच खालीं आंखली व दुसऱ्या पद्धतीनें खातरजमा केली नाहीं, अशी त्याची फिर्याद. २०१३ सालीं राज्याच्या वरिष्ठतम न्यायालयानें निर्णय दिला कीं, करार नसला तरी कर्तव्य आहे, सबब दावा चालूं शकतो. प्रयोगशाळेचा दोष सिद्ध झाला असा याचा अर्थ नव्हे.

टेक्सासमध्यें १९९५ सालीं उलट निकाल लागला होता. एका बाईला देऊं केलेली नोकरी, मूत्रांत अफूचा अंश निघाल्यामुळें परत घेण्यांत आली. तिनें तर खसखशीचे केक खाल्ले होते. अनारशांवर खसखस लावणाऱ्या आपल्या घरांतून हें सहज ध्यानांत येईल! येथें तपासणी चुकली असें म्हणतां येत नाहीं. चुकला तो तिच्यावरून काढलेला निष्कर्ष. खाद्यपदार्थांविषयीं सूचना देण्याचें बंधन प्रयोगशाळेवर नाहीं, असें न्यायालय म्हणालें. मला हें पटत नाहीं. कारण तें ज्ञान प्रयोगशाळेपाशीं होतें, बाईपाशीं नव्हतें.

पुढें १९९८ सालीं अमेरिकन सरकारनें आपल्या नोकरांच्या तपासणींत अफूची रेषा दर मिलिलिटरास ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. खसखस हें त्याचें एक कारण. ज्याच्या मूत्रांत १००० नॅनोग्रॅम निघाले असा नोकर १९९७ सालीं ‘आहे’ च्या यादींत गेला असता, १९९९ सालीं ‘नाहीं’ च्या.