स्तनदा माता आणि भस्मांचे सूक्ष्मत्व

सूतिकावस्थेत रसौषधी योजताना समोर रुग्ण एक असतो; औषधाचा परिणाम मात्र दोन जीवांवर होऊ शकतो. स्तन्य हा रसधातूचा उपधातू असून मातेच्या आहारविहाराने तो दूषित होतो, हे संहितांनी स्पष्ट केले आहे. भस्मांबाबतही हाच विचार लागू करावयास हवा.

वारितर व रेखापूर्ण परीक्षा भस्माचे सूक्ष्मत्व सांगतात. अपुनर्भव व निरुत्थ परीक्षा धातू मूळ रूपात परतत नाही हे दाखवितात. मात्र यांपैकी कोणतीही अर्भकाच्या सुरक्षिततेची परीक्षा नव्हे. २००७ मधील एका अभ्यासात सुवर्णभस्माचे कण सुमारे ५७ नॅनोमीटरचे आढळले. २०१३ मध्ये रशियन संशोधकांनी स्तनदा उंदरांच्या माद्यांना चांदीचे नॅनोकण तोंडावाटे दिले असता ते दुधावाटे पिल्लांपर्यंत पोहोचले. रजतभस्माचे रासायनिक रूप निराळे असल्याने हा निष्कर्ष त्यास जसाच्या तसा लावता येत नाही. परंतु मार्ग संभवतो, एवढे निश्चित.

शिसे व पारा स्तन्यात उतरतात. अर्भकाचे आतडे प्रौढापेक्षा अधिक शिसे शोषून घेते आणि त्याचा मेंदू वाढीच्या अवस्थेत असतो. २००४ साली बॉस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते.

सूतिकारोगात आपण प्रतापलंकेश्वर रस योजतो. त्यातील पारद व वत्सनाभ ही दोन्ही द्रव्ये औषध कायद्याच्या अनुसूची ई(१) मध्ये आहेत. म्हणून वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असते. राहूसारख्या गावात मात्र बाळंतीण स्वतः दुकानात येत नाही. घरातील कोणीतरी रिकामी डबी दाखवून तीच गोळी पुन्हा मागतो. येथेच देखरेख सुटते.

यास्तव पुढील पथ्ये पाळावीत :

१. रसौषधी देण्यापूर्वी वैद्याने व विक्रेत्यानेही विचारावे : बाळ अंगावर पिते का?

२. शतावरी, जीवंती, दशमूळ अशा काष्ठौषधींनी कार्य साधत असल्यास त्यांनाच प्राधान्य द्यावे.

३. रसौषधी अपरिहार्य असल्यास मात्रा अल्प व कालावधी निश्चित असावा. उत्पादकाकडून तपासणीचा दाखला मागवावा, गट क्रमांक नोंदवावा.

४. जुन्या डबीवरून पुन्हा औषध देऊ नये.

५. शंका आल्यास प्रथम औषध थांबवावे व मातेच्या रक्तातील शिसे-पाऱ्याची तपासणी करावी. केवळ शंकेवरून स्तनपान तोडू नये. तो निर्णय तपासणीनंतर बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा.