आधी माती बघ

चि. मुक्ता,


उत्खननासाठी तुझी निवड झाल्याचं वहिनीने फोनवर सांगितलं. मणी मिळेल, रंगीत खापर मिळेल, म्हणून तू हरखली असशील. मिळू दे. पण वस्तू दिसली की हात आवर. ती कुठल्या मातीत, कशी पडली आहे हे आधी वहीत उतरव. उचललीस की ती जागा गेलीच.

आपल्या काळ्या मातीत तर हे फारच जपावं लागतं. उन्हाळ्यात ती भेगाळते, कधी कधी कंबरभर खोल. वरचं खापर त्यात घरंगळतं, पावसात माती फुगून भेग मिटते आणि कालपरवाचं खापर ताम्रपाषाणयुगाच्या थरात जाऊन बसतं! म्हणून रोज सकाळी चराची भिंत ट्रॉवेलने तासून घे, हलकं पाणी शिंपड. बुजलेली भेग, उंदराचं बीळ, जुन्या खड्ड्याची कड, सगळं रंगाने वेगळं उठून येतं. भेगेतल्या वस्तूवरून थराचा काळ सांगायचा नाही, मग ती कितीही देखणी असो.

चिमूटभर माती ओली करून बोटांत चोळ. वाळू खरखरते, पोयटा मऊसूत लागतो, चिकणमातीची वळी वळते. पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, माती राखेमुळे भुसभुशीत. नदीकाठचे थर बघताना लक्षात ठेव, गोटे वाहून आणायला पाण्याला जोर लागतो, बारीक गाळ मात्र पाणी संथावल्यावरच बसतो. प्रवरेकाठी नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हत्यारं मिळाली. असं हत्यार हाती आलं की धार बघ. ती झिजून गोल झाली असेल, तर नदीने ते कुठून तरी लोळवत आणलंय.

हवामानाबद्दल बोलताना घाई नको. जमिनीतली ओल उडून गेली की चुना मागे राहतो, त्याचे खडे बनतात. ते कमी पावसाकडे बोट दाखवतात, पण तेवढ्यावर दुष्काळ जाहीर करू नये. इनामगावला इ.स.पू. १००० च्या सुमारास ऐसपैस चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या. पाऊस घटला म्हणून, असं पुरातत्त्वज्ञ धवळीकरांनी मांडलं. मांडणी वजनदार आहे, पण मला विचारशील तर घरांपेक्षा तिथल्या घोड नदीच्या गाळाची आणि धान्याच्या दाण्यांची साक्ष मोठी. काळाबद्दलही तसंच; कुकडीकाठचं बोरी गाव घे. तिथली ज्वालामुखीची राख सुमात्रातल्या टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर अभ्यासक वर्षानुवर्षं भांडले. त्यातून पाण्याने राख पुन्हा उचलून दुसरीकडे टाकली असेल, तर राख जुनी आणि थर नवा!

घराची जमीन लागली तर ती खरवडून पिशवीत भरू नकोस. अख्खा ठोकळा कापून घ्यायला सांग. त्यात रेझिन मुरवून ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढतात. सूक्ष्मदर्शकाखाली सारवणाचे हात एकावर एक दिसतात. शेणात चुन्याचे अतिसूक्ष्म गोळे असतात, तेही सापडतात. पण ती जागा गोठा होती की शेणाने सारवलेली ओसरी, हे ते गोळे कसे पसरलेत त्यावरून ठरतं. म्हणून ठोकळ्यावर वरची बाजू बाणाने दाखवायला विसरू नकोस. चिठ्ठी पेन्सिलीने लिही, ओलीत शाई पसरते. आणि एक चिठ्ठी वेष्टनाच्या आत, एक बाहेर.

टोपी ने. दादाला नमस्कार सांग.

तुझी,
आत्या