मधुमेह आणि औषधाचा नेम

निफाड तालुका द्राक्षे, कांदा आणि ऊस यांसाठी प्रसिद्ध आहे. केवडा रोग पानावर दिसेपर्यंत थांबून चालत नाही, हे येथील द्राक्ष बागायतदाराला सांगावे लागत नाही. हवामान पाहून तो आधीच फवारणी करतो. बाग निर्यातीची असेल तर प्रत्येक फवारणीची नोंदही ठेवतो. मधुमेहाच्या औषधाचे शास्त्र याहून वेगळे नाही. तथापि बागेसाठी जपला जाणारा हा नेम स्वतःच्या शरीरासाठी पुष्कळदा पाळला जात नाही.

प्रश्नाची व्याप्ती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार २०२१ मध्ये देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही होते. दीर्घकालीन आजारात औषध सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नमूद केले होते. वाढलेली साखर वर्षानुवर्षे दुखत नाही. मात्र त्याच काळात डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा यांची हानी होत राहते.

औषध का सुटते?

तपासणीत साखर आटोक्यात आली की 'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंद केली जाते. वस्तुतः साखर आटोक्यात असते ती गोळीमुळेच. 'गोळ्यांची सवय लागते' आणि 'इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय' हे दोन्ही समज निराधार आहेत. काहींना मेटफॉर्मिनने सुरुवातीस पोटाचा त्रास होतो. ती जेवणाबरोबर घेतल्यास तो बहुधा कमी होतो. त्रास टिकला तर डॉक्टरांना सांगावे. परस्पर औषध सोडू नये.

कामाचा हंगाम हेही एक कारण आहे. द्राक्षाच्या काढणीत किंवा लासलगाव, पिंपळगाव बसवंत येथील लिलावाच्या दिवशी पहाटे घर सोडावे लागते आणि जेवणाची वेळ टळते. अशा वेळी गोळी विसरणे जसे अहितकारक, तसेच काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणे धोक्याचे असते. घाम, थरथर, चक्कर ही साखर उतरल्याची लक्षणे होत. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही न घालता तिला तातडीने दवाखान्यात न्यावे. एकादशी किंवा नवरात्राच्या उपवासापूर्वी औषधाच्या मात्रेविषयी सल्ला घ्यावा. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दुप्पट औषध घेऊ नये.

इन्सुलिनची न उघडलेली कुपी शीतपेटीत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी; बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये. वापरातील कुपी सावलीत, थंड जागी साधारणतः चार आठवडे टिकते. शीतपेटी नसलेल्या घरी ओलसर ठेवलेले मातीचे मडके उपयोगी पडते.

गावाचे कर्तव्य

हे काम एकट्या रुग्णाचे नाही. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील व्यक्तींची तपासणी केली जाते व आशा कार्यकर्त्या घरोघरी माहिती घेतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. पण औषध उपलब्ध असणे आणि ते रोज पोटात जाणे यांत अंतर आहे.

ते अंतर कमी करण्याचा मार्ग रक्तदाबाच्या क्षेत्रात दिसला आहे. महाराष्ट्रासह पाच राज्यांत प्रथम सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात एकसारखी उपचारपद्धती, महिन्याभराचे औषध एकदम देणे, घराजवळ पुनर्तपासणी आणि न आलेल्या रुग्णाचा शोध यांवर भर देण्यात आला. मधुमेहासही हीच रीत लागू पडते.

ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीने दरमहा दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ साधेल: उपकेंद्रात औषधाचा साठा आहे काय? आणि या महिन्यात औषध नेण्यास कोण आले नाही? अशी चौकशी आशा कार्यकर्तीमार्फत, रुग्णाचे नाव सभेत न उच्चारता व्हावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना औषधाच्या पाकिटावरील सूचना वाचण्यास शिकवावे. दृष्टी अधू झालेल्या आजी-आजोबांना नातवंडे गोळी वाचून देतील आणि दिनदर्शिकेवर खूण करतील.

फवारणीच्या वहीशेजारी औषधाची ही खूणही रोज होऊ लागली, तर कित्येकांची दृष्टी आणि पाय वाचतील.