बालवाङ्मयाचा लेखक आणि प्राथमिक शिक्षक

मुलांसाठी पुस्तक लिहिणे हे शहरातील विद्वानांचे काम, असा समज आपल्यापैकी पुष्कळांचा असतो. परंतु मुलांची बोली, त्यांची भीती व त्यांचे कुतूहल ज्याच्या नित्य परिचयाचे, तो प्राथमिक शिक्षकच ह्या कामास अधिक जवळचा होय. मूल अक्षरे शिकते; पण गोडीने वाचावे असे काही हाती आले नाही, तर शिकलेली अक्षरेही हळूहळू विसरते. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

साने गुरुजींचे उदाहरण पाहावे. १९२४ साली ते अमळनेर येथे शिक्षक झाले. पुढे वसतिगृहातील मुलांची देखभाल त्यांच्याकडे आली. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. त्यास ना छापखाना होता, ना प्रकाशक. वाचणारी मुले तेवढी होती. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ हे पुस्तक त्यांनी थोड्याच दिवसांत लिहून काढले. त्या वेगाचे नवल वाटते. पण मुलांसाठी रोज लिहिण्याची सवय त्यामागे होती. पुस्तकाची घडणही सांगण्याचीच आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. अशा ४२ रात्री.

ह्यावरून आपणांस काही गोष्टी घेता येतील.

१. आधी सांगावे, मग लिहावे. सांगताना मुले जेथे चुळबूळ करू लागतील, ती जागा ध्यानात ठेवावी. दोष बहुधा मुलांचा नसून गोष्टीचा असतो.

२. भाषा साधी व डोळ्यांपुढे चित्र उभे करणारी असावी. ‘अतिवृष्टीमुळे दळणवळण खंडित झाले’ ह्यापेक्षा ‘ओढ्याला पूर आला. पलीकडच्या वाडीतली मुले शाळेत आलीच नाहीत’ हे मुलांस अधिक कळते.

३. बोध शेवटी चिकटवू नये. गोष्टीतील मुलाने चूक केली, तर तिचे फळ गोष्टीतच दिसावे. तात्पर्य मुलांना काढू द्यावे.

४. लिहिलेले मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मूल जेथे अडखळेल, तेथे वाक्य मोडून दोन करावी. हे परीक्षण कोणत्याही समीक्षकाच्या परीक्षणाहून मोलाचे आहे.

५. पाठकोऱ्या कागदांची आठ पाने शिवून हस्तलिखित पुस्तिका करावी. चित्रे मुलांनीच काढावीत व ती वर्गाच्या वाचनपेटीत ठेवावी.

स्वाध्याय : येत्या महिन्यात गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून त्यांच्या बालपणीचा एक प्रसंग ऐकावा, तो वर्गात सांगावा व नंतर पानभर लिहावा.

अशा पुस्तिकांपैकी छापण्याजोगी कदाचित एखादीच निघेल. तथापि आपले गाव, आपला ओढा, आपली आजी ही वाचण्याजोगी आहेत, हे ज्या मुलास प्रथम कळेल, त्याच्यापुरते आपण लेखक झालोच.