एका चेंडूचे टाके

मंडळी, आपली पोरं फुटबॉल खेळतात. फुटला की नवा मागतात. हा चेंडू आला कुठून, असे त्यांना विचारून पाहा. 'दुकानातून' म्हणतील. दुकानदार चेंडू विकतो. तो बनवतो कोण आणि कशाचा? ते आज आपण शिकू, म्हणजे घरी मुलांना सांगता येईल.

जुन्या नमुन्याचा, काळ्या-पांढऱ्या तुकड्यांचा फुटबॉल घ्या. पोराला तुकडे मोजायला लावा. पाच कोनांचे 12 आणि सहा कोनांचे 20, मिळून 32 भरतील. आता कडा मोजू. बारा पंचे साठ. वीस सक एकशेवीस. एकूण 180 कडा झाल्या. दोन कडा जोडल्या की एक शिवण होते. म्हणजे शिवणी 90. एका शिवणीवर सात-आठ टाके धरा. एका चेंडूला सुमारे सातशे टाके पडतात!

आता माल पाहू. पूर्वी चेंडू कातड्याचा असे. आता वरचे आवरण बहुधा कारखान्यात केलेल्या नकली कातड्याचे असते. त्याच्या आत कापडाचे थर चिकटवतात. पोटात रबरी फुगा असतो. त्याला ब्लॅडर म्हणतात. आपल्या देशात रबराची झाडे सर्वांत जास्त केरळात आहेत. तिथले मजूर भल्या पहाटे झाडाच्या सालीला चीर देतात आणि चीक वाटीत धरतात. त्या चिकाचे रबर होते.

पण माल नुसता पडून राहिला तर त्याचा चेंडू होतो काय? नाही. त्याला माणसाचे हात लागतात. एक कामगार साच्याने तुकडे कापतो. दुसरा रंग छापतो. कडेला भोके पाडतात. मग शिवणारा बसतो. मेण लावलेला दोरा, दोन टोकांना दोन सुया. चेंडू उलटा धरून तो आतून शिवतो. शेवटी चेंडू सुलटा करतो आणि उरलेले टाके असे घालतो की गाठ दिसू नये. हाताने एक चेंडू शिवायला तासन्‌तास लागतात. आता काही चेंडू यंत्रावर शिवतात, काही नुसते चिकटवतात. तरी हातशिलाई संपलेली नाही.

हे काम पाकिस्तानातील सियालकोट आणि आपल्याकडील जालंधर व मेरठ या गावी चालते. 1947 साली फाळणी झाली. तेव्हा सियालकोटचे पुष्कळ कारागीर जालंधर-मेरठला आले. घरदार मागे राहिले, पण हातातला हुन्नर बरोबर आला. त्यावर त्यांनी पुन्हा संसार उभे केले.

आता एक कडू गोष्ट. शिलाईची मजुरी नगावर मिळे आणि ती थोडी असे. मोठ्यांच्या कमाईत घर भागेना. मग मुलेही शिवायला बसत. ज्यांनी चेंडू खेळायचा, त्यांच्याच बोटांना सुया टोचत. शाळा सुटे ती कायमची. जगात याचा बोभाटा झाला. फेब्रुवारी 1997 मध्ये सियालकोटच्या कारखानदारांनी अमेरिकेतील अटलांटा शहरी करार केला आणि मुलांना या कामातून काढायचे कबूल केले. आपल्या देशात 2010 पासून 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. 2016 च्या कायदादुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला मजुरीवर ठेवणे गुन्हा ठरले. शाळा सुटल्यावर घरच्या, बिनधोक कामात हातभार लावला तर हरकत नाही.

आम्हांला वाटते, मुलाला एवढे जरूर सांगावे : माल आणि मेहनत मिळून वस्तू होते. मालाला भाव असतो, तसा मेहनतीलाही असला पाहिजे. मोठ्यांना पुरेशी मजुरी मिळाली, तरच लहानांच्या हाती सुईऐवजी पाटी येते.

सरावासाठी प्रश्न :
1. फुटबॉलमध्ये तुकडे किती? शिवणी किती?
2. रबर कशापासून होते?
3. तुमच्या घरातली एक वस्तू घ्या. तिला कोणता माल लागला आणि कुणाकुणाचे हात लागले, ते मुलाला लिहायला सांगा व स्वतः वाचून पाहा.